नळ सुरू असताना

फ्रिजवरचा कागद देवाजी गुरुजींनी सकाळी साडेपाचला चाकूच्या टोकानं अलगद सोडवला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवला. तिथं बुद्धाची बोटभर मूर्ती होती, कागद तिच्या शेजारी बसला. कागदाला लॅमिनेशन होतं, तारीख होती, जावक क्रमांकसुद्धा होता. ‘या घरात चि. पारमी हिच्याशी केवळ प्रमाण मराठीत बोलावे. आज्ञेवरून.’ निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मुख्याध्यापक काही गुरुजींच्या अंगातून निघाला नव्हता.

“आता गाडीतबी?” सीताबाईंनी डब्यांची पिशवी मागं कोंबत विचारलं.

“गाडीतही,” गुरुजी म्हणाले. “गाडीतबी नव्हे. आणि सिरोंच्यातही.”

“मंग मी का सहा तास तोंडाले कुलूप लावून बसू?”

“प्रयत्न करून पाहायला हरकत नाही.”

प्रफुल हसला नाही. बापाच्या बोलण्यावर हसलं की आई अबोला धरते आणि आईच्या बोलण्यावर हसलं की बाप जेवण सोडतो, हे त्याला बत्तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. त्यानं गाडी सुरू केली. गाडी चंद्रपूरच्या जुन्या कोटाच्या दरवाजातून बाहेर पडली. पारमी आईच्या, रंजीताच्या मांडीवर बसून बिस्किटाच्या पुड्याशी झगडत होती. पावणेतीन वर्षांची पोरगी, गालावर काजळाचा फराटा, आणि डोळे असे की समोरचा काय लपवतो आहे ते आधी बघणार.

निघाले होते सिरोंच्याला, रंजीताच्या भावाच्या, हेमराजच्या नव्या घराच्या घरभरणीला. पण खरी भानगड घराची नव्हती. भानगड पारमीच्या जिभेची होती.

आठ महिन्यांपूर्वी, पारमीच्या दुसऱ्या वाढदिवसाला, भरल्या हॉलमध्ये ती ओरडली होती, “आजी, मले नीळ्ळू दे, जल्दी!” मले आजीचं, नीळ्ळू म्हणजे पाणी, ते आईच्या तेलुगूतलं, आणि जल्दी बापाच्या हिंदीतलं. एका वाक्यात सगळं खानदान हजर. पाहुणे पोट धरून हसले. सगळे प्रेमानंच हसले, पण गुरुजींना प्रेम दिसलं नाही, फक्त दात दिसले. ऐंशी साली पुण्याला एका शिक्षक शिबिरात ते उभं राहून म्हणाले होते, “मले येते याचं उत्तर.” तेव्हाही अख्खा वर्ग असाच हसला होता. उत्तर बरोबर होतं, ते कोणी ऐकलंच नाही. आरमोरीहून चांद्यापर्यंत, म्हणजे आताच्या चंद्रपूरपर्यंत पायी जाऊन छप्पन साली दीक्षा घेतलेल्या पत्रू बारसागड्याचा पोरगा, आणि ‘मले’वर हसू झालं! त्या दिवसापासून देवाजीनं ‘मले’ टाकलं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद टाईप करून आणला.

तेव्हापासून पारमी चारचौघांत एकही पूर्ण वाक्य बोलली नव्हती. ‘हो’, ‘नाही’, ‘दूध’, ‘नमस्कार’. गुरुजी म्हणत, पाया घातला जातो आहे. पूर्ण, शुद्ध वाक्य येईल, वाट बघा.

गोंडपिपरी मागं पडल्यावर गुरुजींनी समोर बघतच घोषणा केली. “आधीच सांगतो. तिकडं जाऊन हिच्या भाषेची पुन्हा खिचडी झाली, तर शाळेत जाईपर्यंत आजोळ बंद. जूनमध्ये प्रवेश आहे. मला पुन्हा शोभा नको.”

रंजीतानं आरशात नवऱ्याकडं बघितलं. नवरा रस्त्याकडं बघत होता. रस्ता अगदी सरळ होता, बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

“बाबा, माझ्या आईला मराठी येत नाही,” ती म्हणाली.

“नमस्कार येतो ना? तेवढं पुरे.”

“गुरुजी बराबर बोलून राह्यले,” सीताबाई मध्येच म्हणाल्या. रंजीताला वाटलं होतं सासू आज आपल्या बाजूनं आहे. पण सीताबाईंच्या मनात वेगळाच किडा होता. रंजीता फोनवर आईशी तेलुगूत बोलायची तेव्हा मधूनच ‘अत्तम्मा’ असा शब्द यायचा, आणि अत्तम्मा म्हणजे सासू एवढं सीताबाईंनी शेजारच्या रेड्डीबाईकडून समजून घेतलं होतं. आता नातही त्या भाषेत शिकली तर घरात दोघी मिळून आपली निंदा करतील आणि आपण टाळ्या पिटत बसू. ना बापा!

आल्लापल्लीला चहाला थांबले. सागाच्या सावलीत हॉटेल, कढईत भजी. गुरुजी चहावाल्याला ‘कृपया साखर कमी’ असं सांगत होते आणि चहावाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. तेवढ्यात पारमीनं सीताबाईंचं लुगडं ओढलं. ओढत ओढत गाडीच्या मागं नेलं, आणि आजी उकिडवी बसल्यावर तिच्या पदराच्या आत डोकं घातलं.

“आजी, मले भजे पायजे,” पदरातून हळूच आवाज आला.

सीताबाईंनी डावीउजवीकडं बघितलं. “गप व माय, देतो तुले. आजोबाले सांगजो नोको.”

“नाई सांगत.”

कोणी बघितलं नाही याची खात्री करून सीताबाई उठल्या. सकाळी गुरुजींची बाजू घेतली होती हे त्यांना आठवत होतं, पण लाज वाटावी इतकं नाही. आपण आजी आहोत. आजी पदराखाली चार शब्द बोलली तर सरकार थोडंच पडतं? बाकी कोणी नियम मोडत नाही ना, मग झालं, असं त्या स्वतःला समजावत आल्या होत्या. नेमकं असंच प्रफुलही स्वतःला समजावत होता, कारण तो पोरीला स्कूटीवर पुढं उभं करून रोज हिंदीत गप्पा मारायचा, हेल्मेटच्या आतून. हेल्मेटच्या आतलं घरात धरत नाहीत, असा त्याचा कायदा.

आल्लापल्लीच्या पुढं रस्त्यानं हाडं मोजायला सुरुवात केली. पारमी झोपली. रंजीता तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली.

तिचंही एक गुपित होतं. ती पारमीला आंघोळ घालायची तेव्हा बाथरूमचं दार लावायची, नळ पूर्ण सोडायची, आणि बादली भरेपर्यंत पोरीशी तेलुगूत बोलायची. आठ मिनिटं. अम्मम्मा म्हणजे आईची आई, तिच्या शेतातली मिरची, गोदावरीतले मासे, हेमराज मामाची मोटारसायकल, सगळं त्या आठ मिनिटांत. पोरगीही बोलायची, कुजबुजत, साबणाच्या तोंडानं. पण दीड महिन्यापूर्वी दवाखान्यात रंजीताला सकाळची ड्यूटी लागली आणि आंघोळ सासूच्या हातात गेली. दीड महिना एक शब्द नाही. एवढ्याशा डोक्यातून भाषा जायला किती दिवस लागतात, ते तिला कोणाला विचारताही येत नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर अम्मा दर रविवारी हाका मारायची. शेजारी गुरुजी पेपर धरून बसलेले. पारमी नुसती बघायची. “ही मला विसरली गं,” अम्मा म्हणायची आणि फोन ठेवायची. आज पोरगी बोलली तर आजोळ बंद. नाही बोलली तर अम्मा जिवंतपणी परकी. रंजीताला दोन्हीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याची जास्त.

सिरोंच्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात ताडपत्रीवर लाल मिरच्या वाळत होत्या, गाडीतून उतरताच सगळे शिंकले. हेमराज धावत आला.

“या गुरुजी, या! आधी बाथरूम बघा!”

“पाणी तरी दे लोकांना,” रंजीता म्हणाली.

“पाणी तिथंच आहे, चोवीस तास!” हेमराजनं सगळ्यांना चपलांसकट मागं नेलं. घरात अजून खिडक्यांना पडदे नव्हते, पण बाथरूमला छतापर्यंत निळ्या फरशा होत्या, चकचकीत नळ होता आणि गच्चीवर स्वतंत्र टाकी. “टाकी फक्त जरा जपून. मोटार उद्या बसणार. आज हातानं भरली आहे, अर्धीच.”

गुरुजींनी फरशीवर बोटानं टकटक केलं आणि “उत्तम” म्हणाले. गुरुजींचा ‘उत्तम’ म्हणजे हेमराजला पदवी मिळाल्यासारखं झालं.

तेवढ्यात रंजीताची आई, शकुबाई, स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पिठाचे गोळे, केस पांढरे, चालणं तरातरा. त्यांनी कोणाकडं बघितलं नाही, सरळ पारमीपुढं बसल्या.

“ना बंगारम्! अन्नम् तिन्नावा?” माझं सोनं, जेवलीस का?

पारमीनं अम्मम्माकडं बघितलं. मग गुरुजींकडं. गुरुजींनी मान हलवून उत्तेजन दिलं. “बोल बाळ. आजी, नमस्कार.”

“नमस्कार,” पारमी म्हणाली.

शकुबाईंनी पुन्हा विचारलं, हळू, जवळ जाऊन. पारमी आईच्या पायाला बिलगली. शकुबाईंनी हातावरचं पीठ पुसलं, पुसतच राहिल्या.

“पाहिलंस?” गुरुजी प्रफुलला म्हणाले. “एक सुद्धा चूक नाही.”

एकच शब्द, त्यात चूक कुठून होणार? पण प्रफुलनं “हो बाबा” म्हटलं.

मग वंदना झाली. नव्या खोलीत सतरंजी, मेणबत्त्या, गावातली पंधरावीस माणसं. त्रिसरण पंचशील सुरू झालं आणि पारमी हात जोडून खणखणीत आवाजात म्हणू लागली, एकही ओळ न चुकता. पालीला घरात बंदी नव्हती. अडीच हजार वर्षं जुनी पाली चालत होती, दोनशे किलोमीटरवरची तेलुगू तेवढी चालत नव्हती. लोक कौतुकानं बघत होते. शकुबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. रंजीता मागं गेली.

“एवढं सगळं येतं तिला,” शकुबाई तेलुगूत म्हणाल्या, पाठमोऱ्या. “माझंच येत नाही. तुला माझी लाज वाटते का?”

“अम्मा, काहीतरी बोलू नकोस.”

“मग तुझ्या सासऱ्याची भीती वाटते. दोन्हीतलं एक सांग.”

रंजीतानं भांडी जोरात आपटली.

जेवायला बसले तेव्हा तिचा बांध फुटला. ताटात माशाचं पुलुसू होतं, भात होता. गुरुजी पारमीला शिकवत होते, “हा भात. हे कालवण.” आणि पलीकडून शकुबाई हळूच म्हणाल्या, “चेपा,” म्हणजे मासा. गुरुजींनी लगेच दुरुस्ती केली. “मासा.”

“बाबा,” रंजीता म्हणाली, “माझ्या आईनं काय करायचं? पासष्टाव्या वर्षी व्याकरण शिकायचं का, नातीशी बोलायला?”

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

“मी शिकलो,” गुरुजी म्हणाले. “बाविसाव्या वर्षी. रात्र-रात्र जागून. लोक हसले म्हणून. उद्या हिला हसले तर तू जाणार आहेस त्यांची तोंडं बंद करायला?”

“तिला आजवर कोणी हिणवून हसलं नाही बाबा. ते तुम्हाला हसले होते.”

बाई गं! प्रफुलनं पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही पीत राहिला.

“बराबर बोलली सून,” सीताबाई म्हणाल्या. सकाळपासून त्या दुसऱ्यांदा ‘बराबर’ म्हणत होत्या, फक्त माणूस बदलला होता. विहिणीला पीठ पुसताना बघितलं होतं त्यांनी. ती बाई आपली निंदा काय करणार, तिला आपल्याच नातीशी बोलता येऊन नाई राह्यलं! “लगनानंतर दहा वर्सं मले बोलू नाई देल्लं तुमी, चार लोकायत. माहेरी गेली तं माय म्हने, सीते, तू मुकी झाली का व? आता पोट्टीच्या मागं लागले.”

“सीता, शब्द जपून.”

“जपूनच ठेवले इतकी वर्सं. कोनाच्या कामाचे आले?”

गुरुजींनी ताट बाजूला सारलं. “पारमी, चल. आपण अंगणात जाऊ.”

पारमी जागेवर नव्हती. शकुबाईही नव्हत्या. भांडणाच्या नादात कोणाचं लक्ष नव्हतं. मग मागच्या बाजूनं पाण्याचा आवाज आला. धो धो.

“अरे बापरे, टाकी!” हेमराज उठला. त्याच्या मागं रंजीता, तिच्या मागं सगळे, खरकट्या हातांनी. बाथरूमचं दार आतून लावलेलं. हेमराज दार वाजवणार, तोच रंजीतानं त्याचा हात धरला.

नळाच्या आवाजाखालून एक बारीक आवाज येत होता. भरभर, न थांबता.

“अक्कड वद्दु, अम्मम्मा. इक्कड माट्लाडु.”

रंजीतानं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसतही होती.

“काय म्हणते?” गुरुजींनी विचारलं. रंजीता बोलण्याच्या स्थितीत नव्हती. म्हणून हेमराजनं दाराला कान लावला आणि पाहुणा विचारतो आहे तर सांगावं, या सरळ बुद्धीनं मोठ्यानं सांगू लागला.

“ती म्हणते, तिकडं नको बोलू, अम्मम्मा, इथं बोल. नळ सुरू असला की बोलायचं असतं, म्हणते.”

शकुबाईंनी आत काहीतरी विचारलं. पोरगी पुन्हा सुरू झाली.

“ती म्हणते… आजी पदरात बोलते.”

सगळ्यांनी सीताबाईंकडं बघितलं. सीताबाईंनी पदर आवरला.

“पप्पा टोपीत बोलतात. टोपी म्हणजे… हेल्मेट का, भाऊजी?”

प्रफुल पायाखालच्या फरशा मोजू लागला.

“आणि तात्या…” हेमराज थांबला. तात्या म्हणजे आजोबा, हे एव्हाना बाहेर सगळ्यांना कळलं होतं.

“थांबतोस काऊन? सांग ना,” सीताबाई म्हणाल्या.

“तात्या घरी गच्चीवर बोलतात. टमाटरला पाणी घालताना. ती म्हणते, तात्या म्हणतात…” हेमराजनं पुन्हा कान लावला. “हे तेलुगू नाही. ‘पाह्य व माय, कसा लाल झाला टमाटर.’”

लॅमिनेशनवाला कागद बाहेर गाडीत, उन्हात तापत होता. सीताबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. चाळीस वर्षं हा माणूस त्यांच्याशी छापील बोलत आला, आणि टमाटरशी मनातलं बोलत होता. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं.

नळ बंद झाला. कडी सरकली. पारमी अम्मम्माचं बोट धरून बाहेर आली आणि समोर एवढी माणसं बघून जागीच थबकली.

सवयीनं गुरुजींनी शुद्धच विचारलं, “पारमी, आत काय बोलत होतीस?”

पारमीनं आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागं नेले, मान ताठ केली आणि स्पष्ट म्हणाली, “आम्ही काहीच बोललो नाही, आजोबा. आम्ही फक्त हात धुतले.”

आठ महिने वाट बघितलेलं वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ‘नाही’तला ‘ही’सुद्धा पूर्ण. गुरुजींनी खाली वाकून तिचे हात पुढं घेतले. हात कोरडे होते.

ते तिथंच, ओल्या पायरीवर, पांढऱ्या धोतरासकट बसले.

“खोटं काऊन बोलतेस व माय?” ते म्हणाले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. “कोनाले भेतेस? मले? मी नाई रागवत. बोल ना, मायच्या मायसंग बोल. इथीच बोल, सगळ्यायसमोर.”

पारमीचे डोळे मोठे झाले. तिनं घाईघाईनं आपला छोटासा तळवा गुरुजींच्या तोंडावर दाबला आणि सगळ्यांकडं घाबरून बघितलं.

“शू! आजोबा, इथी नाई,” ती कुजबुजली. “सगळे आयकून राह्यले.”

गुरुजींनी तिचा हात काढला नाही. तिनंच तो काढला. मग उठले, रंजीताकडं बघायचं टाळून म्हणाले, “मे महिन्यात बी आनजो हिले. पंधरा दिवस ठेवजो.” कागदाचं काय, ते कोणी विचारलं नाही. कागद फाडून टाकता आला असता, पण पोरीला काही वाचता येत नव्हतं. तिला फक्त माणसं वाचता येत होती, आणि ती वाचून झाली होती.

त्यांनी धोतर वर खोचलं. “येऊ का मी बी आत?” त्यांनी पारमीला हळूच विचारलं. तिनं विचार केला. मग मान डोलावली, एका हातानं आजोबाला धरलं, दुसऱ्यानं अम्मम्माला, आणि दोघांना आत घेऊन तिनं दार लावलं. आतून कडी लागली. नळ सुटला, या वेळी गुरुजींनी सोडलेला, पूर्ण.

“गुरुजी!” हेमराज दार वाजवू लागला. “गुरुजी, टाकी अर्धीच आहे हो!”

आत कोणाला ऐकू गेलं नाही.